हार्लनच्या पाच काड्या

२३ ऑक्टोबर

रोलाँचं विमान मला इथं उतरवून गेलं त्याला आठ दिवस झाले आणि वही आज उघडतोय. रोज लिहायचं कबूल केलं होतं. पण पहिल्या दिवशी लाकडं फोडली, दुसऱ्या दिवशी एक पाणमांजर दिसलं, त्याच्या मागे गेलो, आणि मग लिहायचं राहतच गेलं.

जागा झकास आहे. तळ्याकाठचं मासेमारीचं लॉज, सोळा खोल्या, सगळ्या रिकाम्या, आणि राखणीला मी एकटा. आयुष्यात कधी माझ्या नावावर एक खोली नव्हती. लवकरच तळं गोठायला लागेल. मग पाण्यावर उतरणारं विमान येणार नाही, आणि बर्फ जाड होईपर्यंत बर्फावर उतरणारंही नाही. म्हणजे पंधरा डिसेंबरपर्यंत माणसाचं तोंड दिसायचं नाही. रविवारी दुपारी बिनतारीवर ओडेटचा आवाज तेवढा. ओडेट ही रोलाँची बहीण, लॉज तिचंच.

मला सोडायला तीही आली होती, परत निघताना तिनं धक्क्यावरच बजावलं होतं, "पहिल्या आठवड्यात स्वतःची डबी स्वतः भर, पोरा. दुसऱ्यानं भरलेली डबी गारठलेल्या बोटांना ओळखत नाही." डबी म्हणजे तंबाखूची चपटी डबी, सदऱ्याच्या खिशात मावणारी, रानात अडकलं तर तगवणारं सामान भरलेली. पिशवीत ठेवायची नाही, कारण पिशवी पाण्यात जाते आणि माणूस वर येतो. माझ्या डबीत आतापर्यंत गळ, दोरा, सशाच्या फाशाची तार, सुई, चहाची पुडी, मेणबत्तीचं थोटूक आणि आरशाचा तुकडा एवढं झालंय. काड्या राहिल्यात. त्या कुठंही घासल्या तरी पेटणाऱ्या लागतात आणि मेणात बुडवाव्या लागतात. ओडेटनं त्यांची एक पेटी दिलीय. एकच.

तळ्याकडच्या दाराबाहेर खिळ्याला आणखी एक डबी टांगलेली आहे. झाकणावर खिळ्यानं कोरलंय, हार्लन. माझ्या आधीचा राखणदार. गेल्या नोव्हेंबरात कोवळ्या बर्फावर गेला तो सापडला नाही. इकडची रीतच आहे, न सापडलेल्या माणसाच्या नावाची डबी भरून टांगायची, त्याला लागली तर, आणि सापडेपर्यंत तिला हात लावायचा नाही. ओडेटनं ती माझ्यादेखत नव्यानं भरली, चिकटपट्टीनं बंद केली. आठ काड्या, एक शिट्टी, बाकी माझ्यासारखंच.

२७ ऑक्टोबर

आज मेण चुलीवर ठेवलं, काड्या शेजारी मांडल्या, आणि खिडकीतून मूस दिसला, म्हणजे इकडचा घोड्याएवढा सांबर. पाण्यात गुडघाभर उभा, शिंगांवरून शेवाळ लोंबतंय. बघत राहिलो. परत आलो तर मेण उतू जाऊन सगळी पेटी भडकलेली. भुवया गेल्या, पेटीही गेली. घरातल्या साध्या काड्या पेटीवर घासल्याशिवाय पेटत नाहीत, त्या ओल्या खिशात काय कामाच्या!

हार्लनच्या डबीतून पाच घेतल्या. तीन ठेवल्या. चिकटपट्टी होती तशी लावली. त्याला आता काड्या कशाला?

१ नोव्हेंबर, रविवार

आज ओडेटला सांगितलं, डबी तयार. तिनं विचारलं काड्या किती. पाच म्हटलं. "पाचच? बाकीच्या सिगारेटींना लावल्यास ना, गाढवा?" रोलाँ मागून हसत होता. त्यांनी बिनतारी बंद केली आणि मी उगाचच बराच वेळ यंत्रापाशी बसून राहिलो.

९ नोव्हेंबर

तळ्यावर साय धरलीय. रविवारची ओडेट सोडली तर आठवडाभर कोणाशी बोललो नाही. जेवणघरातल्या खुर्च्यांना नावं दिलीत आणि खिडकीजवळचीशी भांडणही झालंय.

संध्याकाळी पलीकडच्या काठावर उजेड दिसला. काडीएवढा. विझला.

१० नोव्हेंबर

परत. तिथंच. कोणीतरी ओंजळ धरून काडी जपत होतं, बोटं लाल दिसली. एवढ्या लांबून बोटं कशी दिसली ते विचारू नका. लाकूड ओलं असणार. विझली.

११ नोव्हेंबर

तिसरी. तीही विझली. मग काळोख.

१२ नोव्हेंबर

काल तिसरीनंतर पुन्हा काही पेटलं नाही. हार्लनची डबी उघडली. चिकटपट्टी मी लावली होती तशीच. आत काड्या नाहीत. शिट्टी नाही. बाकी सगळं जागच्या जागी.

१५ नोव्हेंबर, रविवार

कालपासून पलीकडून शिट्टी. तीन वेळा, थांबून परत तीन वेळा.

ओडेटला विचारलं, पलीकडे कोण राहतं. ती म्हणाली, चाळीस मैलांत तुझ्याशिवाय कोणाची चूल पेटत नाही. मग हळूच, "लायल, डबीला हात लावलास?"

नाही म्हणालो.

१७ नोव्हेंबर

शिट्टी बारीक होत चाललीय. आठ असत्या तर त्याची शेकोटी पेटली असती. चौथी नाहीतर पाचवी तरी — नक्की —

बर्फावर धोंडा टाकून बघितला. पेलला. ऊन पडलंय. त्याच्या पाच काड्या त्याला देऊन येतो.

१८? १९?

आलो परत. मधलं आठवत नाही. मोठा आवाज झाला होता, कापड फाटावं तसा. कपडे ताठ झालेत. डबी खिशात नाही.

काड्या पोचल्या असाव्यात. पलीकडे धूर दिसतोय. चांगला, सरळ, जाड.

इथली चूल मात्र — काडी घासतो, घासतो, गूल झडतं. पेटत नाही.

रविवार

ओडेट बिनतारीवर हाका मारतेय. लायल, बोल ना रे पोरा. ओरडून ओरडून सांगतोय, इथंच आहे, इथंच — ती रोलाँला म्हणाली, उत्तर देत नाहीये.

तारीख नाही

भूक नाही. थंडी — हाडांच्याही आत.

पायऱ्यांवर बर्फ गुडघाभर. त्यात एकही पाऊल उमटलेलं नाही. मी आत आलो कुठून?

पलीकडे रोज धूर. त्याची शेकोटी. मला दोन काड्या — दोन असत्या तर —

आज

विमान! पंधरा तारखेच्या आधीच! ओडेट उतरली. मागून एक अनोळखी माणूस, पन्नाशीचा, ट्रंक घेऊन. मी दारात उभा आहे. ओडेट माझ्याजवळून गेली. बाजूनं. बघितलं नाही.

हार्लनची डबी तिनं काढली, हलवली, उघडली. बोटानं आत काड्या शोधल्या, एकही नाही. मग तळ्याकडे तोंड करून हळूच म्हणाली, "गाढवा."

खिशातून दुसरी डबी काढली. हार्लनची परत टांगली, त्याच खिळ्याला शेजारी ही. झाकणावर नवीन कोरलेलं — लायल.

त्या माणसाला सांगतेय, यात बारा घातल्यात, मरायला टेकलास तरी हात लावायचा नाही. तो हो हो म्हणतोय. ती विमानाकडे गेली, उरलेलं सामान आणायला.

तो एकटाच आहे. ओठांत सिगारेट. खिसे चाचपतोय. हा, तो, परत हा. इकडे तिकडे बघतोय.

नको रे बाबा. नको, त्या माझ्या — त्याचा हात खिळ्याकडे —