भोपळ्याच्या भाजीतली मेथी

प्रिय आई,
तुला आणि तुझ्या प्लास्टरमधल्या पायाला नमस्कार.

बाबा माझ्याकडे मजेत आहेत, तू उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस. आज अख्खा लाल भोपळा त्यांनीच चिरला. मला सुरीला हातही लावू दिला नाही. चाळीस वर्षं आचारी होते ना! फोडी अगदी एकसारख्या.

फक्त, फोडणीत मेथीदाणे घातल्यावर त्यांनी विचारलं, “मेथी घातली का गं?” मी हो म्हणेपर्यंत पुन्हा घातली. मग आणखी एकदा. भाजी कडूजहर झाली.

जेवायला त्यांनी तीन ताटं मांडली. “आईला हाक मार,” म्हणाले. मी आत जाऊन मोठ्याने तुला हाक मारली.

प्लास्टर कधी काढणार, तेवढं लगेच कळव.

तुझी,
धाकटी