मेरेचा पास

बाबा, तुमची नात आता रेषांच्या आत फुटबॉल खेळते. तुम्ही तिला पाहिलेलं नाही, म्हणून आधी थोडं सांगते. ती दहा वर्षांची आहे, अंगाने बारीक, धावताना तिचा डावा हात छातीशी चिकटून राहतो, आणि ती सर्वणच्या त्याच शेतात खेळून वाढली जिथे तुम्ही संध्याकाळी डॉकवरून परत आलात की मेरेवर बसायचात. घरात, कोंकणीत, मी तुम्हाला तू म्हणायचे. कागदावर मराठी आली की तुम्ही आपोआप येतं. ते तसंच राहू दे.

शेत बदललेलं नाही. भात कापून घरात आलं की वाड्यावरची पोरं बॉल घेऊन खाली उतरतात, आणि पुढची नांगरणी होईपर्यंत ते मैदान असतं. गोल म्हणजे चपलांचे ढीग. कापलेल्या भाताचे बुडखे पायाला टोचतात, आठवडाभरात टोचायचे थांबतात. चारी बाजूंना मेर आहे, म्हणजे शेताचा मातीचा बांध, गुडघ्याएवढ्या उंचीची, पावसाने गोलसर झालेली. नियमही तोच आहे. मेर ओलांडून पलीकडे गेला तर बॉल बाहेर, मेरेला आपटून परत आला तर खेळ चालू. त्यामुळे आमच्याकडे प्रत्येक पोराला एक गोष्ट चालता येण्याइतकी सहज येते: समोर कुणी अडवायला आला की बॉल मेरेवर मारायचा, त्याच्या दुसऱ्या अंगाने धावायचं, आणि परत येणारा बॉल घ्यायचा. माझ्या लहानपणी याला मेरेचा पास म्हणायचे, आजही म्हणतात. मेरेची माती कुठे मऊ आहे, कुठे दगड वर आला आहे, बॉल कुठून सरळ परत येईल आणि कुठून तिरका, हे तुमच्या नातीच्या पायांना माहीत असतं. मी तिला कधी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी तिला सांगता आलं नसतं.

तिच्या शाळेतल्या बाईंनी मला बोलावून सांगितलं की म्हापशाच्या एका क्लबात मुलींची टीम उभी राहते आहे, स्पर्धांना जाणारी. मुलीला निवडीला न्या. तिचे वडील जहाजावर, परत यायला अजून बरेच महिने. ठरवायचं मलाच होतं. मी मुलीला विचारलं, जायचं का? ती म्हणाली, "थंय गोल खरो आसता?" खरा, जाळीचा, मी म्हटलं. मग ती रात्री झोपेतही पाय हलवू लागली. तिला ती टीम हवी होती. तिने एखादी गोष्ट इतकी मागितलेली मी आधी पाहिली नव्हती, आणि मला त्याची थोडी भीती वाटली.

पहिल्या शनिवारी मैदानावर चुन्याच्या रेषा होत्या. बाकीच्या मुली शहरातल्या, पाठीवर नंबर असलेल्या, एकमेकींना ओळखणाऱ्या. आमची शाळेच्या कॅनव्हास बुटांत. शिट्टी झाली, तिला बॉल मिळाला, एक उंच मुलगी अडवायला आली, आणि आमच्या पोरीने शांतपणे बॉल रेषेकडे मारला आणि तिच्या दुसऱ्या अंगाने धावत सुटली. बॉल रेषा ओलांडून, गवतावरून, सायकली लावल्या होत्या तिथपर्यंत गेला. ती धावत पुढे पोचली होती, मान वळवून उभी होती, बॉल परत येण्याची वाट बघत. मैदानावर एकटी मीच होते जिला कळलं की काय झालं. उंच मुलगी म्हणाली, "कोणाक दिलो गो तो? म्हशीक?" सगळ्या हसल्या. आमचीही हसली, कारण तिला अजून कळलं नव्हतं. नंतर पुन्हा तेच झालं, आणि पुन्हा. मग ती हसली नाही. प्रशिक्षक वयस्कर गृहस्थ, डोक्यावर टोपी, आवाज चढवत नाहीत. जाताना मला म्हणाले, "पाय बरो आसा, मॅडम. पूण रेषा दिसना तिका. फुडल्या शेनवारा मॅच घालून पळयतां, मागीर सांगतां." म्हणजे निर्णय पुढच्या शनिवारची मॅच बघून.

तुम्हाला ठाऊक नाही, मी आता काय करते. कारखान्यात मापनाची यंत्रं तपासते. वजनकाटे, दाब दाखवणारी घड्याळं, म्हणजे गेज, लांबी मोजायची अवजारं. यंत्र चुकतं तेव्हा ते किती चुकतं आणि कुठल्या दिशेने चुकतं हे शोधायचं, आणि ते दुरुस्त करायचं. मी मुलीच्या बाबतीत तेच केलं. अंगणात चुन्याची रेषा मारली, वाळू भरलेल्या बाटल्या उभ्या केल्या. बॉल रेषेपलीकडे गेला की मी म्हणायचे, बाहेर. तिने रेषेकडे मारला की मी म्हणायचे, नाही, आत. ती चटकन शिकली. आठवड्याच्या मध्यापर्यंत तिची एकही चूक होत नव्हती. फक्त तिचा वेग कमी झाला होता, आणि ती प्रत्येक वेळी बॉल मारून झाल्यावर माझ्याकडे बघत होती. आई जनेलातून हे सगळं पाहत होती. म्हणाली, "तिका खेळूंक दी गो. गेज न्हय ती तुझी."

त्या रात्री मला तुमचं मेरेवर बसणं आठवलं. मी साधारण तिच्याच वयाची. आपल्या गोव्याचं वेगळं राज्य झालं ते वर्ष. वाड्यावरच्या पोरांत मी एकटी मुलगी. तुम्ही आमोण्याच्या डॉकवरून, खनिज वाहणाऱ्या बार्ज बोटी बांधतात तिथून, येता, कपड्यांवर खनिजाची लाल धूळ, मेरेवर फडकं टाकून बसता, आणि खेळ संपेपर्यंत एक अक्षर बोलत नाही. बाकीच्यांचे बाप रस्त्यावरून ओरडतात, मार रे, सोड रे, आंधळो झालो काय. तुम्ही नाही. मी पडले तरी नाही, गोल केला तरी नाही. मला वाटायचं तुम्ही दमलेले असता आणि तुमचं लक्ष नसतं. एकदा घरी चालताना मी विचारलंच, "बाबा, तूं कित्याक उलयना?" तुम्ही चालता चालता म्हणालात, "हांव उलयलों जाल्यार तूं म्हजेकडेन पळेतली. मागीर बॉल कोण पळेतलो?" मी बोललो तर तू माझ्याकडे बघशील, मग बॉलकडे कोण बघणार. तेव्हा मला ते उत्तर टाळल्यासारखं वाटलं होतं.

सकाळी मी पाणी मारून अंगणातली रेषा धुतली आणि बाटल्या उचलल्या. मुलगी शेतात पळाली.

दुसऱ्या शनिवारी मी मैदानाच्या कडेच्या पायरीवर बसले, दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन. आमच्या मुलीच्या टीममध्ये एक गोरी, गुबगुबीत मुलगी होती, बॉल आला की घाबरून पाय मागे घेणारी. खेळ सुरू झाल्यावर थोड्याच वेळात आमचीने बॉल रेषेकडे मारायला पाय उचलला, थांबली, आणि बॉल गमावला. पुन्हा तसंच. माझ्या तोंडात शब्द आला होता. मी तो गिळला. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ती रेषेकडे बघत होती, जिथे काहीच नव्हतं, नुसता चुना. मग ती त्या गुबगुबीत मुलीकडे गेली. माझ्यापासून जवळच होत्या, म्हणून मला ऐकू आलं.

"तूं मेर जा."

"मेर म्हळ्यार कितें गो?"

"शेताची वणटी. तूं हांगा रेषेर उबी राव. हालूं नाका. बॉल आयलो काय परतो दी."

"म्हाका मारपाक येना."

"मारूं नाका. मेर मारता? तुका लागलो काय तो आपशींच परतो येता."

बाबा, शेताची भिंत काय असते हे त्या म्हापशाच्या मुलीने आयुष्यात पाहिलं नसेल. पण न हलणं तिला जमण्यासारखं होतं. ती रेषेवर जाऊन उभी राहिली, पाय जुळवून, डोळे मिटल्यासारखे. उंच मुलगी अडवायला आली. आमचीने बॉल त्या पायांवर मारला, दुसऱ्या अंगाने धावली, आणि बॉल परत आला. तिरका, थोडा मागे, पण आला. पुढच्या वेळी गुबगुबीत मुलीने डोळे उघडे ठेवले. नंतर तिने पाय जरासा वळवला, आणि बॉल सरळ पुढे आला. आणि मग मी जे पाहिलं ते मला अजून नीट मांडता येत नाही. आमची पुढे धावली तशी ती मुलगीही रेषेला धरून धावायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं. मेर तिच्याबरोबर चालत होती. बॉल जाऊन येत होता, जाऊन येत होता, दोघी गोलाकडे सरकत होत्या, आणि ज्या मुली हसल्या होत्या त्या मध्ये उभ्या राहून माना फिरवत होत्या. प्रशिक्षकांनी तोंडातली शिट्टी काढून हातात घेतली. गोल झाला की नाही हे मला विचारू नका. बॉल खांबाला लागला.

मी जी गोष्ट चूक म्हणून तिच्यातून काढून टाकायला निघाले होते, ती तिने तशीच उचलून त्या मैदानावर आणली होती. मोजणं माझा धंदा आहे. त्या दिवशी माझ्याजवळ लावायला एकही माप नव्हतं.

प्रशिक्षक मला म्हणाले, "ह्या सीझनापुरती घेतां, मॅडम. सुरवातीक बाकार बसतली. फुडल्या वर्साचें फुडें पळोवया. तिका खरे बूट घेयात." मग म्हणाले, "कितें म्हळें तिणें त्या चेडवाक?" मी म्हटलं, ते शेतातलं आहे. त्यांनी मान हलवली, समजल्यासारखी किंवा न समजल्यासारखी.

आता बुटांचं. तुम्हीही मला बूट आणले होते, त्याच राज्याच्या वर्षी. खराट्यातला एक हीर काढून माझ्या पावलाजवळ धरला, मोडला, खिशात ठेवला, आणि शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून बूट घेऊन आलात. बूट मोठे निघाले. पुढे दोन बोटं आत जातील एवढी जागा. त्या दिवसांत घरात, बसमध्ये, पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलीभोवतीसुद्धा राजभाषा कोंकणी की मराठी एवढाच विषय चालायचा. काका पेपर वाचून मोठमोठ्याने काही सांगत होते, तुम्ही त्यांच्या हातून पेपर घेतलात, फाडलात, आणि बोळे करून बुटांच्या टोकांत कोंबलेत. काका म्हणाले, "अरे, म्हाका वाचून जावंक ना तो." आई चुलीकडून म्हणाली, "बार्जी मापता हो मनीस, आपल्या चेडवाचो पाय मापूंक येना."

बार्जी मापणाऱ्या माणसाला स्वतःच्या पोरीचा पाय मापता येत नाही, हे मला पटलं नव्हतं. त्याआधीच्या सुट्टीत तुम्ही मला डॉकवर नेलं होतं. पाण्यातून वर ओढून ठेवलेली बार्ज, तिचं एरवी कुणाला न दिसणारं पोट माझ्या डोक्यावर, घराहून मोठं. तुम्ही टेपचं एक टोक माझ्या हातात दिलंत आणि दुसरं घेऊन चालत गेलात, इतके लांब की लहान दिसायला लागलात. "घट्ट धर," तुम्ही तिथून म्हणालात. मी आजवर जे काही मोजलं त्याची सुरुवात ती आहे. असा माणूस हिराएवढी गोष्ट कशी चुकेल? पण तुम्ही मान खाली घालून पेपर कोंबत म्हणालात, "चुकलें." मी त्या बुटांत दोन मोसम शेतात खेळले. माझी बोटं टोकाला पोचली तेव्हा तुम्ही गेला होतात, आणि मग मी खेळायची थांबले.

काल शुक्रवार होता. मी म्हापशाहून तुमच्या नातीचे बूट आणले. तिने घालून अंगणात चार उड्या मारल्या आणि म्हणाली, "मम्मी, फुडें कोण तरी रावूं येता." टोकाशी कुणी राहायला येईल एवढी जागा. आई जवळ आली, वाकली, अंगठ्याने बुटाचं टोक दाबलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "फॅक्टरीत केंसा इतलें मापता ही, आपल्या चेडवाचो पाय मापूंक येना." तेच वाक्य, त्याच चालीत, फक्त बार्जीच्या जागी माझं केसाएवढं माप. तिला स्वतःला आठवलं असेल असं वाटत नाही. मला मात्र आठवलं. इतक्या वर्षांनी, बाबा, मला तुमचा हीर दिसला, माझ्या पावलापलीकडे मुद्दाम दोन बोटं लांब मोडलेला.

मी म्हटलं, "चुकलें."

हे पत्र कुठे जायचं नाही. पेपर आता घरात येत नाही, आणि उद्या सकाळी सराव आहे, म्हणून ही पानं अर्धी अर्धी करून तिच्या बुटांच्या टोकांत भरणार आहे. मराठी तिला हळूहळू वाचता येते, पण बोळे उलगडून बघणाऱ्यांपैकी ती नाही. प्रशिक्षकांनी फक्त याच मोसमाचं सांगितलं आहे. तिचं पाऊल मी दुकानात जाण्यापूर्वी दोनदा मोजलं होतं, आणि दोन्ही वेळा माप बरोबर आलं होतं.