धुरपदाच्या सात फिती कोणाकडे राहाव्यात

मी भैरू तात्याबा जाधव, जात कैकाडी, वय अंदाजे पासष्ट, रेल्वेतून निवृत्त गँगमन, राहणार दौंड, स्वहस्ते लिहितो की माझी बुद्धी शाबूत आहे व माझ्यावर कोणाचा दाब नाही. चैन मात्र पडत नाही. आधीचे दोन कागद फाडले. हा तिसरा खरा धरावा.

१. नाल्याकाठची पत्र्याची खोली मुलगा खंडू याला. टोपल्या विणायची सुरी सून रतनबाई हिला, कारण खंडूला ती धरतासुद्धा येत नाही.

२. माझी मयत बहीण धुरपदा हिच्या गाण्यांच्या सात फिती व त्या वाजवायचे मशीन तिची मुलगी चांगुणा हिला. खंडूला नाही. तो चारचौघांत आपली भाषा बोलत नाही. "लोकं हसत्यात, आबा," म्हणतो. त्याला राग येईल. येऊ दे.

३. सन १९३१. कायद्याने आमची जातच गुन्हेगार होती, चौकीवर रोज हजेरी. तिथल्या कारकुनाने मला गोडीने बसवून आमच्या भाषेतले शंभरेक शब्द वहीत उतरवले. मी एकोणीस वर्षांचा. आपलं कोणी विचारतंय याचंच अप्रूप. पुढे शिरूरच्या बाजारात चुलते टोपल्या विकत असता आभाळ भरून आले. ते चुलतीला आमच्या भाषेत म्हणाले, "ऊठ, निघू." शिपायाने शब्द ओळखला. तो चोरीचा इशारा ठरला. सहा महिने सक्तमजुरी. शब्द माझ्या तोंडून गेला होता, हे मी चुलत्यांना ते वारेपर्यंत सांगितले नाही. इथे कबूल करतो. चांगुणाने वडगाव रासाईला जाऊन त्यांच्या नातवंडांना हे कलम वाचून दाखवावे.

४. सन १९७४ मध्ये पुण्याच्या संशोधक अंजनाबाई आल्या. तीन दिवस धुरपदाची गाणी भरून घेतली, नक्कल देते म्हणाल्या. पुढल्या वर्षी धुरपदा गेली. मी त्यांच्या संस्थेत गेलो. तिथला कारकून म्हणाला, "फिती आता संस्थेच्या. अर्ज करा, कारण लिहा." मी लिहिले : बहिणीचा आवाज. उत्तर आले, हे कारण संशोधनात बसत नाही. चार खेपा झाल्या. अंजनाबाईंना कळले तशा त्या भांडून फिती सोडवून स्वतः दौंडला आल्या. म्हणाल्या, "चुकलं माझं, मामा. कुठं ठेवायच्या, हे आधी तुम्हाला विचारायला हवं होतं." आपले मशीनही ठेवून गेल्या. चांगुणाने फीत लावली. गाता गाता धुरपदा खोकली आन् हसली, तवा मी उठून नाल्यावर जाऊन बसलो.

५. फिती वस्तीबाहेर नेऊ नयेत. ऐकायचे त्याने इथे येऊन सतरंजीवर बसावे. उतरवून घ्यायचे तर वस्तीतल्या बायकांना विचारावे. गाणी त्यांची आहेत. त्या "न्हाई" म्हणाल्या तर का म्हणून विचारू नये. अंजनाबाईंना चहा द्यावा, पण त्यांनीही दर खेपेला विचारावे.

६. या कागदात आमच्या भाषेतला एकही शब्द नाही. विसरलो म्हणून नव्हे. हा कागद कचेरीत राहील, त्याच्या नकला निघतील. आमच्या भाषेत जे सांगायचे होते, ते चांगुणाला समोर बसवून तोंडी सांगितले आहे.

वाचून पाहिले. आता फाडणार नाही.

सही : भैरू तात्याबा जाधव
साक्षीदार : साहेबराव गणू कांबळे, पॉइंट्समन (सही)
बानूबाई आण्णा गायकवाड (अंगठा)
मुक्काम दौंड, तारीख ९ ऑक्टोबर १९७७