कठडा तुझ्या उंचीचा

आई, इथूनच तुझ्या पाया पडतो.

मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. मोठ्या साहेबांच्या जुन्या बंगल्याची बाग आता सगळ्यांसाठी खुली झाली. बुजलेलं तळं आम्ही उपसलं, तर बगळे परत आले!

तळ्याच्या पायऱ्यांना म्हाताऱ्या माणसांसाठी कठडा मीच बसवला. मुकादम ओरडला, "एवढा बुटका कसा केलास रे?" तेव्हा लक्षात आलं, उंची धरताना डोळ्यांसमोर तूच होतीस.

मनगटाचं प्लास्टर निघालं का? आपल्या मागच्या दारच्या पायऱ्यांना अजून धरायला काही नाही. एकटी उतरू नकोस, दादाला हाक मार.

काल एक आजी कठडा धरून सावकाश उतरल्या. म्हणाल्या, "तुझी आई नशीबवान हो." मला मान वर करवेना.

तुझा धाकटा