दादापर्यंत निरोप

शुक्रवार, १९८७. वर्सोवा.

दुपारी वादळाचा इशारा आला आणि दादाची बोट खोल समुद्रात. किनाऱ्यावरचा वायरलेस तिथवर पोचत नाही. म्हणून वायरलेसवर बसणाऱ्या हरीकाकांनी सगळ्यात जवळच्या बोटीला विचारलं, "आमचा दादा कोणाला ऐकू येतोय?" तिने पुढच्या बोटीला विचारलं, त्या बोटीने तिच्या पुढच्या. शेवटी जानूच्या बोटीवरून होकार निघाला आणि त्याच बोटींमधून परत आमच्यापर्यंत आला. आम्ही सांगितलं, "जाळं राहू दे, मागे फिर."

मग जानूच गप्प झाला. तोही घराकडे वळून साखळीतून सुटला असणार, पण निरोप देऊन की न देता? काकांनी पहिल्यापासून पुन्हा विचारायला घेतलं. या वेळी मढच्या एका अनोळखी बोटीला दादा ऐकू आला. तिच्याकडून दादाचं उत्तर आलं: "निरोप मिळाला. जाळं काढून झालं की निघतो."

म्हणजे अजून तिथेच आहे! एवढ्या वाऱ्यात जाळं कसलं काढतोय हा?

घरी आई दारातच उभी होती. "काय म्हणाला गं?"

"निघालाय," मी म्हटलं.

तिने लगेच भात टाकला.