कॉम्प्युटरला भुवई नसते

अब्बा, तुम्हाला आणि अम्मीला जुनैदचा सलाम.

पुण्यात माझं बरं चाललंय, जेवणही वेळेवर होतं. नाटकात मी क्लॅरिनेट वाजवतो आणि ते ऐकून कॉम्प्युटर साथ देतो. मी पळालो की तो पळतो, मी चुकलो तरी माझ्याच मागे येतो. हीच म्हणे त्याची हुशारी! मला तर काही कळेना.

आपल्या चाळीसगावच्या वरातीत तुम्ही भुवई उचलली की सगळा बँड गाणं बदलतो. इथं मी कुणाकडे बघू?

दम्याचा त्रास कमी आहे ना? बँडपुढे तुम्हीच चालता, की धाकट्या फैजला उभं करता?

काल तालमीत गोंधळलो आणि सवयीनं मध्येच थांबून तुमच्या इशाऱ्याची वाट पाहिली. कॉम्प्युटरही थांबला आणि माझीच वाट बघत बसला.

दुआ असू द्या.
जुनैद