पांढरं टोपण, पिवळं टोपण

८ फेब्रुवारी
झालं एकदाचं. अकोल्यात, दोन्ही डोळे, लेझरनं. उणे साडेपाचचा चष्मा नर्सनं डबीत घालून बाच्या हातात दिला. आमचं गाव मेडशी येईपर्यंत बानं खिशावरचा हात काढला नाही, जसा काही चष्मा पळूनच जाणार होता. डोळ्यांत कांदा चिरल्यासारखं होऊन राह्यलं. लिहू नको सांगतलं हाये. अक्षर वाकडं आलं तं येऊ दे.

१० फेब्रुवारी
पाणी नाही, धूळ नाही, चोळायचं तं नावच नाही. डोळ्यावरचा पापुद्रा उचलून परत बसवला हाये, तो सरकला की गेलं काम. अन् शेजारी तुरीचं थ्रेशर चालू. मायनं खाटेभोवती जुनं लुगडं बांधलं. मी आत, नव्या नवरीसारखी.
औषधाच्या बाटल्या दोन. एकीचं टोपण पांढरं, दुसरीचं पिवळं. दोन्ही दिवसातून चार वेळा. बा म्हणे, मी टाकतो. घड्याळाशी त्याचं जमत नाही, त्याचं सगळं रस्त्यावरच्या एसटी गाड्यांवर. सकाळची अकोला, दुपारची रिसोड, चारची वाशिम, दिवेलागणीची मुक्कामी. गाडीचा आवाज आला की बा तीनदा साबणानं हात धुऊन हजर. "वर पाय. छताच्या टिनाकडं पाय." टोपण तो मुठीत धरते, धूळ लागू नये म्हणून. अंगठा खरबरीत, पण पापणी अशी उचलते की कळत नाही.

१६ फेब्रुवारी
अकोला. डॉ. खूश. पांढऱ्या टोपणाचं आजपासून बंद, त्यात स्टेरॉइड असते, जास्त दिवस घातलं तं डोळ्याचं प्रेशर वाढते. पिवळ्याचं म्हणजे नुसते बनावट अश्रू, ओलाव्यासाठी, ते तीन महिने. बानं मान हलवली.
घरी आल्यावर एक बाटली त्यानं देवळीत ठेवून दिली. म्हटलं, फेक ना. "उरलं म्हनून औषध फेकते काय कोनी? पंपात उरलेलं फेकतो का आपन?" डोळा अन् कपाशी एकच झालं याच्यासाठी.

२० फेब्रुवारी
आंगणातून गाडीची पाटी वाचली. बा रोज विचारते, "कोनती गाडी हाये, सांग बरं." मी सांगते, तो म्हणते, "बरोबर." लहानपणी पाढे घेत होता तसा. आज "अकोला रिसोड मार्गे मालेगाव" एका दमात वाचलं अन् मलेच रडू आलं. रडलं तं चालते का, हे डॉ.ले विचारायचं राह्यलं.
एसटीच्या ड्रायव्हर भरतीचं मेडिकल ६ एप्रिलला. बाकी सगळं पास. तिथं बिनचष्म्याची नजर पाहतात. मले गाडी चालवायची हाये, दुसरं काही नाही. ट्रॅक्टर शिकवला तो बानंच.

२ मार्च
डोळे कोरडे. दिव्यांभोवती कडी दिसतात. डॉ.नं सांगतलं होतं, काही महिने राहीन. औषध संपलं तं बानं गावातल्या मेडिकलवर रिकामी बाटली दाखवून तशीच दुसरी आणली. एक गाडी चुकवत नाही बिचारा.

९ मार्च
डाव्या डोळ्यापुढं धुकं. भुवई जड. मायचं एकच, मोबाइल. बानं दिवसातून चार वेळचे थेंब सहा वेळा केले. मधल्या वेळेले गाडी नाही तं दूधवाल्याच्या मोटारसायकलवर.

१४ मार्च
काय लिहू.
डॉ.नं प्रेशर पायलं, परत पायलं. "पांढऱ्या टोपणाचं बंद केलं ना?" मी म्हटलं, हो, महिना होत आला. "घालता ते दाखवा." बानं खिशातून बाटली काढून टेबलावर ठेवली.
पांढरं टोपण.
डॉ. म्हणे, काका, हेच तर बंद करायला सांगितलं होतं. बा म्हणे, "नाही साहेब, हे पिवयं हाये." भांडून नाही, अगदी सरळ. डॉ.नं टेबलावरचा पांढरा कागद उचलला, "हा कोणता?" बानं कागद डोळ्याजवळ घेतला. "हाही पिवयाच दिसते जरा."
मग बालेच मशीनपुढं बसवलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगले पिकलेले. डॉ. म्हणे, अशानं पांढरं पिवळट दिसते. दोन वर्षं तरी झाली असतीन.
माहं प्रेशर वाढलेलं, डाव्याचं जास्त. उतरवायचं औषध दिलं. बहुतेक उतरीन. नाही उतरलं तं डोळ्याच्या नसेले धोका. गाडीत बा माह्या बाजूले बसला नाही, मागं जाऊन बसला.

१५ मार्च
देवळीतली बाटली काढून पायली. पिवळं टोपण, अर्धीच्या वर भरलेली. १६ फेब्रुवारीले बानं हीच बंद केली अन् दुसरी चालू ठेवली. महिनाभर मी खाटेवर पडून टिनाकडं पाहत होती. एकदा त्याच्या मुठीकडं पायलं असतं तं.
अन् ते "कोनती गाडी हाये, सांग बरं". माही परीक्षा नव्हती ते. त्याले दिसतच नव्हतं. एवढे डोळे करून घेतले मी, अन् समोरचा बाप दिसला नाही.

१८ मार्च
गाडीचा आवाज आला की बा गोठ्यात जाते. माय टाकते थेंब. आजचा एक कानात गेला, एक नाकावर. मी ओरडली तं म्हणे, "तुह्या बापालेच बलाव."
बलावलं, आला नाही. जेवतही नाही धड. मायले म्हणे, "पोरीचा डोया घालवला म्या." राग आला मले. चूक झाली तं झाली, पण दिसत नाही ते लपवलं काहून? विचारलं. म्हणे, "तुह्या डोयाचं व्हाचं होतं आधी. मी सांगतलं असतं तं तू मले पयले नेलं असतं." नेलंच असतं. त्यात काय खोटं.

२१ मार्च
प्रेशरच्या नव्या बाटलीले सुतळीची गाठ मारली. गोठ्यात जाऊन बाच्या हातात दिली. म्हटलं, गाठ असन ते चार वेळा, नसन ते अश्रू. अन् तू टाकशीन तंच घेईन, नाही तं राहू दे प्रेशर. माय तिकडून, "ऐक बापा, जिद्दी हाये ते तुह्यासारखी."
बा उठला. तीनदा हात धुतले. गाठ चाचपली, दोनदा. "वर पाय." मी टिनाकडं पायलं नाही, त्याच्याकडं पायलं. डोळ्याच्या मधोमध पांढुरकं, उजेडात चांगलं दिसते. थेंब गालावर पडला. दुसरा बरोबर.

२६ मार्च
रामनवमी. पोहरादेवीच्या यात्रेच्या जादा गाड्या, नेहमीच्या कुठं गेल्या पत्ता नाही. बा आंगणात कावराबावरा. "आज तं पन्नास डाव टाका लागन पोरी." १४ तारखेपासून पयल्यांदा हसला. मोबाइलमध्ये गजर लावून दिला, तं म्हणे, याचा आवाज गाडीसारखा करता येते का.

२८ मार्च
अकोला. उजव्याचं प्रेशर ठीक. डाव्याचं उतरलं, पण अजून जास्तच. नस सध्या चांगली. औषध चालू. डॉ. म्हणे, मेडिकलले जा, पाहू. "पाहू" म्हणजे काय, ते सांगत नाहीत हे लोक.
बाले म्हटलं, तू ऑपरेशनले हो म्हण, मी मेडिकलले जाते. नाही तं दोघंही घरी बसू. बा म्हणे, "हे काय बोलनं झालं?" पण तारीख घेतली.

३ एप्रिल
बाचा उजवा डोळा झाला. बाहेर आला तं पयले विचारलं, "तुहे थेंब कोनं टाकले?" मीच, म्हटलं. "सांडवले असतीन."

५ एप्रिल
लुगड्याच्या आडोशात आता बा. थेंब मी टाकते. अकोला गाडी आली की तीनदा हात धुऊन हजर. "वर पाय, बा." वर पाहत नाही, माह्या तोंडाकडं पाहते. सकाळी म्हणे, "किती वायली वं तू, नुसती काडी." मग मायकडं पायलं, "अन् तुहे केस कधी पिकले?" मायनं पदर ओढून घेतला.
चारच्या सुमारास लुगडं सारून बसला. रस्त्यावर गाडी. मी काही विचारलं नाही. त्यानंच एकेक अक्षर लावलं. वा. शि. म. चौथीपर्यंतची शाळा, पण बरोबर वाचलं.
मागून दुसरी येत होती, दूर, वळणाच्या अलीकडं. बानं तळहात माह्या उजव्या डोळ्यावर ठेवला. साबणाचा वास. "आता ह्या डाव्यानं सांग. उद्या तेच इचारतीन ना तुले."
पाटी होती. अक्षरांभोवती धुकं होतं. पयलं अक्षरच लागेना. हात त्यानं काढला नाही.
"घाई कायची हाये," म्हणे. "जवळ येऊ दे."